डार्ट डावीकडे का जातो

शुक्रवार, १० जानेवारी २०२५. उमरोळी

एका पुरवठादाराने दिलेली ही डायरी दहा दिवस कोरीच पडून होती. आज लिहिण्यासारखं काहीतरी घडलं.

आमच्या कारखान्याला शुक्रवारची सुट्टी असते. माझ्या बायकोची, मंदाची, भाची समिधा सकाळी एडवणहून आली आणि जाताना आमच्या टेबलावर एक नारिंगी-निळी बंदूक ठेवून गेली. खेळण्यातलीच, बोटाएवढे फोमचे डार्ट उडवणारी. समिधा एकोणतीस वर्षांची आहे, बोईसरला डिझाइन इंजिनिअर आहे. दर शुक्रवारी दुपारी तिच्यासारखी दहा-बारा धडधाकट मोठी माणसं सालवडच्या एका रिकाम्या शेडमध्ये जमतात आणि डोळ्यांना गॉगल लावून एकमेकांवर हे डार्ट मारतात. त्यांच्यात याला ब्लास्टर म्हणायचं. बंदूक म्हटलं की ती चिडते.

‘काका, अडकलाय. तुमी मशीनवाले, बगा जरा,’ म्हणाली.

मी मशीनवाला नाही, इन्स्पेक्टर आहे. दुसऱ्यांनी मशीनवर केलेला माल एकतीस वर्षं मोजतोय. पण खोलून बघायला काय जातं? तेरा स्क्रू निघाले. आत सायकलच्या पंपासारखी नळी, तिच्यात दट्ट्या, दट्ट्यामागे स्प्रिंग. स्प्रिंग सुटली की दट्ट्या हवा ढकलतो आणि हवा डार्टला. अडकलेला फोमचा तुकडा चिमट्याने काढला, काम संपलं. पण मग दिसलं की बनवणाऱ्याने हवेच्या वाटेत मुद्दाम एक जाळी बसवली आहे, डार्ट फार जोरात जाऊ नये म्हणून. एवढी मोठी नळी आणि एवढीशी फुंकर. ही जाळी काढली तर? स्प्रिंग बदलली तर? समिधाला फोन केला तर ती हसायलाच लागली. म्हणाली, लोक हेच करतात, याला मॉड करणं म्हणतात. जेवताना मंदा काय सांगत होती ते मला काही कळलं नाही.

बंद करताना तीन स्क्रूंच्या जागी प्लास्टिकचे आटे गेले. आजकालच्या प्लास्टिकमध्ये जीव नसतो. नोंद: माल निकृष्ट.

सोमवार, १३ जानेवारी

इथे कारखान्याचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण जिवलीचं लिहितो, कारण ते डोक्यातून जात नाही.

जिवली आमच्याकडे सीएनसी लेथवर ट्रेनी आहे. तेवीस वर्षांची, विक्रमगडच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची, आयटीआय झालेली. ती पितळेचे बुश करते. बुश म्हणजे छोटी कडी, बांगडीच्या काचेइतक्या पातळ भिंतीची. बाहेरून बारा मिलिमीटर हवी, दहा मायक्रॉन इकडेतिकडे चालतं. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दहा. आज तिच्या पन्नासपैकी सात बारीक भरले. मी ते लाल पेटीत टाकले. बाकीच्या मशीनींवर पोलादाचे जाड दांडे होतात, त्यांतला एकही गेला नाही.

शैलेश आमचा प्रॉडक्शनचा साहेब. त्याने सांगितलंय की अठ्ठावीस फेब्रुवारीला जिवलीचे सहा महिने भरतात. शंभरात दोनपेक्षा कमी रिजेक्ट असेल तर कायम, नाहीतर रामराम. तिचा बाप मंगळ्या आणि आई दरवर्षी भातकापणी झाली की वीटभट्टीवर जातात. या नोकरीच्या भरवशावर तिने यंदा त्यांना जाऊ दिलं नाही, सालवडला खोली घेऊन ठेवलंय. म्हणजे ते सगळं माझ्या मायक्रोमीटरवर येऊन थांबलं. मुलगी कामात स्वच्छ आहे, मन लावून करते. मग माप का चुकतं ते मला कळत नाही.

बुधवार, १५ जानेवारी

काल संक्रांत. मंदाचे तिळाचे लाडू यंदा भुसभुशीत झालेत. शेजारच्या रूपलबेनना देताना माझ्या हातातच दोन फुटले. मंदाला तसं सांगितलं. ‘माझे लाडू? भुसभुशीत?’ म्हणाली आणि एक लाडू ओट्यावर आपटून दाखवला. त्याला काही झालं नाही. नोंद: एकाच पाकातले लाडू सारखे होतातच असं नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

समिधाबरोबर सालवडच्या भंगारवाल्याकडे गेलो. कुठल्यातरी गोदामातून आलेला खेळण्यांचा ढीग होता. त्यात ब्लास्टर मिळाले अकरा. एकाला चाप नाही, एक मधोमध चिरलेला, एक पाण्यात पडून हिरवा झालेला. भंगारवाला म्हणाला, ‘अंकल, पोते के लिये?’ मी म्हटलं, ‘मेरे लिये.’ त्याने मला नीट बघून घेतलं.

घरी येऊन प्रत्येकाला कारखान्यातल्यासारखा टॅग बांधला. नंबर, मिळाल्याची तारीख, दोष, उपाय. मंदा म्हणाली, ‘माझ्या औषधांच्या डब्याला तरी एवढी चिठ्ठी लावलीत का कदी?’ पडवीतली बाकडी रिकामी करून दिली मात्र तिनेच.

मला यात नेमकं काय आवडतं, याचा विचार करत होतो. कारखान्यात मी चूक शोधतो आणि वस्तू फेकून देतो. इथे चूक शोधली की वस्तू जिवंत होते.

शुक्रवार, २४ जानेवारी

आठवडाभर संध्याकाळी चार नंबरवर काम केलं. जाळी काढली. बोईसरच्या स्प्रिंगवाल्याकडून जाड तारेची स्प्रिंग वळवून घेतली. दट्ट्याची रबरी कडी सैल होती, तिच्याखाली नळाला लावतात ती पांढरी टेप दोन वेढे गुंडाळली. समिधाने वेग मोजायचं यंत्र आणलं. आधी सेकंदाला एकवीस मीटर, आता चौतीस. एवढ्या आनंदाने मी कधी कुठला आकडा वाचला नव्हता. वेग याच्या वर न्यायचा नाही, असा समिधाच्या गटाचा नियम आहे, आणि गॉगल लावल्याशिवाय स्प्रिंग ओढायचीसुद्धा नाही. योग्य नियम आहे.

मग नेम बघितला. मिठाईच्या खोक्याचं झाकण पडवीच्या टोकाला टांगलं, मधे पेनाने फुली. आठ मीटरवरून दहा डार्ट. एकही फुलीवर नाही. बहुतेक डावीकडे आणि खाली. आठ झाकणावर, दोन तुळशीत.

हे छान झालं. चूक एकाच दिशेला जाते तेव्हा तिला काहीतरी कारण असतं. कारण सापडेपर्यंत मला चैन पडायची नाही.

बुधवार, २९ जानेवारी

संशयित क्रमांक एक, डार्ट. चाळीस डार्ट सोनाराच्या काट्यावर मोजून आणले. (सोनार कीर्तीशेठ, माझ्या ओळखीचे. त्यांनीही मला नीट बघून घेतलं.) वजनं जवळपास सारखी. पण बरेच डार्ट मधे चेपलेले आहेत, भरताना बोटांचे ठसे उमटल्यासारखे. समिधाचे डार्ट मात्र गोल आहेत. तिचे वेगळ्या दुकानातले असणार. नवे आणून मारले. डावीकडे, खाली.

संशयित क्रमांक दोन, नळी वाकडी. दोऱ्याने तपासली, सरळ आहे.

संशयित क्रमांक तीन, समुद्राकडचा वारा. दार बंद करून मारले. डावीकडे, खाली. मंदा म्हणाली, ‘उजवीकडे बगून मारा ना मग.’ हा उपाय झाला, कारण नाही. तिला तो फरक पटला नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी

शेडमध्ये पहिला सामना. मी छप्पन्न वर्षांचा, पाण्याच्या पिंपामागे वाकून बसलेला. माझ्या तीस डार्टपैकी एकही कुणाला लागला नाही. नंतर समिधाने माझाच चार नंबर घेतला आणि पंधरा पावलांवरची पाण्याची बाटली दोनदा पाडली. याचं कारण मी उंचीत शोधतोय. ती माझ्याहून चार इंच बुटकी आहे.

शिवाय चार नंबरचा चाप मोडला. गेल्या आठवड्यात दोन आणि सात नंबरचे मोडले होते. ती म्हणाली, ‘काका, कट झाल्यावर सोडायचा असतो, दाबत नाय राहायचं.’ मी विचारलं, कट कुठे होतो? म्हणाली, ‘स्प्रिंग सुटताना बोटाला लागतो ना.’ मला नाही लागत. भंगारातला माल, कट झिजला असणार. नोंद: तीन चाप, एकच दोष.

सोमवार, ३ फेब्रुवारी

जिवलीचे आज पन्नासात नऊ गेले. लाल पेटी तिच्यासमोर ठेवली तर ती रडली नाही, उलट बोलली.

‘साहेब, मी बी मोजले हायत. मला बाराच भरतात.’

मी पुन्हा मोजले, तिच्यासमोर. आधीपेक्षा बारीक भरले.

‘साहेब, रॅचेटवर बगा ना एकदा.’

रॅचेट म्हणजे मायक्रोमीटरच्या शेपटाशी असलेली छोटी फिरकी. तिने माप घेतलं की पुरेसा दाब आल्यावर ती कट-कट वाजते आणि नुसतीच फिरत राहते, पुढे पिळता येत नाही. नवशिक्यांसाठी असते ती. ज्याला हात आहे त्याने बोटांनीच घ्यायचं असतं, वस्तू दोन्ही बाजूंनी हलकेच टेकली की बोटांना कळतं. या बोटांसाठी मला दोनदा प्रशस्तिपत्र मिळालंय. आमच्या पिढीत कुणी रॅचेट वापरलं तर डब्याच्या वेळी त्याची टिंगल व्हायची. मी तिला एवढंच म्हटलं की तू रॅचेट वापरतेस म्हणूनच तुझ्या हाताला माप कळत नाही. खात्यातली दोघं हसली. ती मशीनकडे वळली.

मग मला वाईट वाटलं, म्हणून जवळ जाऊन उपाय सांगितला. मशीनमध्ये ऑफसेट नावाचा आकडा असतो, तो वाढवला की माल तेवढा जाड निघतो. म्हटलं, वीस मायक्रॉन वाढव, मी सांगतो. शैलेशच्या सहीशिवाय ऑफसेट बदलायचा नाही असा नियम आहे, पण तो मुंबईला गेला होता. तिने थोडा विचार केला, वाढवला आणि वहीत स्वतःची सही केली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

तीन दिवसांत जिवलीचा एकही बुश गेला नाही. सगळे माझ्या हाताने मोजले, बारा म्हणजे बारा. तिला म्हटलं, ‘बघ.’ ती ‘हो साहेब’ म्हणाली, पण चेहरा काही खुलला नाही. या मुलांना कौतुकही घेता येत नाही.

संध्याकाळी चहा पिताना मंदा ओरडली. पितळेचा पेला मी कानाशिवाय धरला होता आणि बोटावर फोड आला होता. मला समजलंच नाही, कारण मी सात नंबरच्या चापाचा विचार करत होतो. ‘अवो, एवडं कसलं ध्यान?’ म्हणाली. एकाग्रता ही चांगली गोष्ट आहे असं मी तिला सांगितलं. तिने कोरफड लावली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पुण्याच्या ग्राहकाकडून एक पेटी परत आली. बुश जाड आहेत, भोकात जात नाहीत म्हणे. जिवलीचेच. वीस मायक्रॉन जास्त.

शैलेशने बैठक घेतली. मी, जिवली, आणखी दोघं. त्याने वही उघडली.

‘ऑफसेट कुणी बदलला?’

‘मी,’ जिवली म्हणाली.

‘कुणाला विचारून?’

ती माझ्याकडे बघत होती. मी ड्रॉइंगकडे बघत होतो. शैलेशने दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, ‘सही माझीच हाय, साहेब.’

शैलेश तिला विचारत होता, मला नाही. आणि माझं मत असं की मी बारा मोजले ते बाराच होते, नंतर हिने आणखी काहीतरी बदल केला असणार. नाहीतर जाड होतीलच कसे? हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. डबा तसाच परत आणला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. सकाळी

आज डार्टचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. बाहेर काही सुचत नसलं की हातात काम हवं.

एक पद्धत वापरतो. कारखान्यात माप चुकलं की आधी वस्तू तपासतात, मग यंत्र, मग जागा. मी डार्ट तपासले, नळी तपासली, वारा तपासला. आता नवा चाप बसवलेला चार नंबर व्हाइसमध्ये, म्हणजे बाकड्यावरच्या शिकंज्यात, पक्का आवळतो आणि चापाला सुतळी बांधून लांबून ओढतो. कुणाचा हातच नको.

त्याच दिवशी, दुपारी

व्हाइसमधून दहा डार्ट. दहाही फुलीवर, पुरीएवढ्या जागेत. मी उभ्या उभ्या टाळी वाजवली. म्हणजे ब्लास्टर निर्दोष.

मग मंदाला बोलावलं. गॉगल लावला, ब्लास्टर हातात दिला. तिने आयुष्यात कधी धरला नव्हता. ‘कट लागला की सोड,’ म्हटलं. दहातले आठ ताटलीएवढ्या जागेत. ‘सोपं हाय की,’ म्हणाली.

मग मी. तोच ब्लास्टर, तेच डार्ट, तीच जागा. डावीकडे, खाली.

मी मासळीच्या पिशव्या तोलायचा स्प्रिंगकाटा आणला आणि चापाला अडकवला. दीड किलोला कट होतो. मग मंदाला काट्यातून ओढायला सांगितलं, ती दीडवर थांबली. मी डोळे मिटून ओढलं आणि कट लागला असं वाटल्यावर थांबलो. काटा चारच्या पुढे होता. पुन्हा केलं. साडेचार. कट मला लागलेलाच नव्हता. चाप शेवटी जाऊन आपटायचा, तेव्हा मला समजायचं.

इतका सुंदर प्रयोग मी कारखान्यातही केलेला नाही. उजव्या हाताने चाप गरजेपेक्षा जास्त दाबला की नळीचं तोंड डावीकडे खाली जातं. उत्तर मिळालं. मी हसत होतो. मंदा हसत नव्हती. तिने माझा हात धरला आणि डोक्यातल्या पिनेने बोटाच्या टोकाला टोचलं.

‘लागतंय?’

‘टोच ना आधी.’

‘टोचते आहे.’

तिने बोट पुसलं. रक्त आलं होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

शर्टाच्या खिशात लाल पेटीतला एक बुश होता, तीन तारखेचा. घरी माझा जुना मायक्रोमीटर आहे. बोटांनी मोजला. ११.९८. मग रॅचेटने. १२.००. दहा वेळा केलं. बोटांनी कधी ११.९८, कधी ११.९७. रॅचेटने दहाही वेळा १२.००. पातळ पितळ आहे, मी पिळत होतो आणि ते चेपत होतं. पोलादाचे दांडे चेपत नाहीत, म्हणून बाकीच्यांचे कधी गेले नाहीत.

मंदाला शिकवलं आणि मोजायला लावलं. कट-कट-कट. १२.००.

भीती वाटते आहे. बोटांचीही, पण आधी जिवलीच्या नोकरीची. तिचा प्रत्येक बुश बरोबर होता. मी सांगितल्यावर चुकला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सकाळी लाल पेटीतले सगळे बुश डायलच्या स्टँडखाली ठेवून तपासून घेतले, हात न लावता. त्र्याण्णवपैकी एक्क्याण्णव चांगले. ते घेऊन शैलेशकडे गेलो, व्हाइस, काटा, पिन, सगळं सांगितलं. तो माझ्या बोटांकडे बघत होता.

मग दार लोटून म्हणाला, ‘पाटीलसाहेब, मायक्रोमीटरमध्ये दोष होता असं लिहू. दुरुस्तीला पाठवू. तुमची दोन वर्षं राहिली आहेत.’

चांगला माणूस आहे. मी एक मिनिट विचार केला, हेही लिहितो. मग म्हटलं, नको, यंत्र निर्दोष आहे. फॉर्मवर लिहिलं: दोष निरीक्षकाच्या बोटांत. दाब जाणवत नाही. सही केली. बाहेर आलो तेव्हा छाती भरून आली होती. एवढा खरेपणा मी कुठे बघितला नव्हता.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पालघरच्या डॉक्टरांनी रक्त बघितलं. साखर तीनशेच्या वर. बोटांच्या नसा दोन-तीन वर्षांपासून मरत असाव्यात म्हणाले. तळपाय तपासले, तिथेही तसंच. औषध सुरू केलं. पुढचं थांबेल, गेलेलं परत येईलच असं नाही. मी बरेच प्रश्न विचारले. नस मरताना आधी काय जातं, उष्णता की टोचणं? डॉक्टर म्हणाले, असे प्रश्न रुग्ण विचारत नाहीत.

चार नंबरच्या चापामागे एक बटण आणि छोटा दिवा बसवतो आहे. कट झाला की दिवा लागेल. बोटांना कळत नसेल तर डोळ्यांना कळू दे.

मला मोजमापावरून काढून स्टोअरला टाकलं. बरोबरच आहे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

शैलेशला विचारलं, जिवलीचं आता पक्कं ना? म्हणाला, ‘रिजेक्शनचा प्रश्न मिटला. पण परत आलेली पेटी आहेच. परवानगीशिवाय ऑफसेट बदलला, सही तिची आहे. वरचे म्हणतात अशी मुलगी कायम नको.’

मी स्टोअरला परत आलो. वाटलं होतं की माझ्या फॉर्मने सगळं झालं.

डब्याच्या सुट्टीत जिवली नळावर हात धूत होती. मी गेलो आणि सांगितलं. बोटांचं, साखरेचं, नसांचं, ते सगळं. माफी मागितली. ती ऐकून घेत होती. हात पुसले.

‘बोटांचं समजलं, साहेब. बोटांना कळलं नाय, त्येला कोन काय करनार?’ म्हणाली. ‘मी खोलीवर जाऊन रोज बापाला सांगायची, माझ्याच हातात खोट हाय. बाप बोलला, मंग भट्टीवर जाऊ, तिथं माप नाय लागत. तेबी सोडा. पन मीटिंगमदी तुमी गप बसलात. ते काय बोटांनी केलं?’

तिने डबा उचलला आणि आत गेली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळी दुसरा फॉर्म मागून घेतला. लिहिलं: तीन फेब्रुवारीला ऑफसेट वीस मायक्रॉन वाढवायला मी तोंडी सांगितलं. ट्रेनीने निरीक्षकाचं ऐकलं. बारा तारखेच्या बैठकीत मी समोर असून हे सांगितलं नाही.

खाली एक रकाना असतो, मूळ कारण. तो रिकामा ठेवता येत नाही. डार्टचं कारण शोधायला मला तीन आठवडे लागले. हे मला बैठकीतच माहीत होतं. लिहिलं: घाबरलो.

शैलेशने वाचून विचारलं, ‘याने तुम्हाला मेमो मिळेल, कळतंय ना?’ कळत होतं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सुट्टी होती, तरी दोन तासांसाठी बोलावलं होतं. जिवली कायम झाली. मला मेमो मिळाला, यंदाची पगारवाढ गेली. तिचा बाप मंगळ्या फाटकाशी उभा होता, पांढरा शर्ट घालून. ती आधी त्याच्याकडे गेली. मग पेढ्यांचा पुडा घेऊन सगळ्या खात्यात फिरली. शैलेशला दिला, वॉचमनला दिला, त्या दिवशी हसलेल्या दोघांनाही दिला. स्टोअरच्या खिडकीपर्यंत आली, माझ्याकडे बघितलं आणि पुडा बंद करून परत गेली.

घरी येऊन मंदाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘मीपन नसता दिला.’